‘स्कॉच-आयरिश’ म्हणजे निम्मे-निम्मे नव्हेत

एका वाचकभगिनीने विचारले आहे: माझी सून अमेरिकन आहे, नॉर्थ कॅरोलायनाची. नातवासाठी दोन्हीकडची वंशावळ मराठीत लिहायला घेतली आहे. सुनेची आजी म्हणते, ‘आम्ही स्कॉच-आयरिश’. आजीचे माहेरचे आडनाव मॅक्ब्राइड. मी ‘निम्मे स्कॉटिश, निम्मे आयरिश’ असे लिहिले, तर सून म्हणाली, तसे नाही. मग नक्की काय? आणि ‘मॅक’वाले स्कॉटिश, ‘ओ’वाले आयरिश, हे खरे का?

ताई, सुनेचे बरोबर आहे. मधल्या जोडरेघेमुळे ही गफलत होते. अशी रेघ दिसली की मराठी मन लगेच द्वंद्व समास लावते: आई-वडील, मीठ-भाकर, दोन्ही पदे सारख्या तोलाची. ‘स्कॉच-आयरिश’ची फोड तशी होत नाही. हे लोक मुळात स्कॉटलंडचे. आयर्लंडच्या उत्तर भागात, अल्स्टरमध्ये, ते तीन-चार पिढ्या राहिले आणि तिथून अमेरिकेला गेले. एसटीच्या पाटीवर ‘पुणे-कोल्हापूर, मार्गे सातारा’ असते ना, तसे हे ‘स्कॉटलंड-अमेरिका, मार्गे अल्स्टर’. समासाचा विग्रह करायचा तर ‘आयर्लंडमार्गे आलेले स्कॉट’ असा करावा.

हा प्रवास थोडक्यात सांगते. १६०७ मध्ये अल्स्टरचे गेलिक सरदार, म्हणजे आयर्लंडची जुनी गेलिक भाषा बोलणारे, देश सोडून युरोपात गेले. त्यांच्या जमिनी पहिल्या जेम्स राजाने जप्त केल्या आणि १६०९ पासून तिथे स्कॉटलंड व इंग्लंडमधली प्रॉटेस्टंट कुटुंबे वसवायला सुरुवात केली. अँट्रिम आणि डाऊन या दोन काउंट्या, म्हणजे जिल्हे, त्या सरकारी योजनेत नव्हत्या. डाऊनमध्ये हॅमिल्टन आणि माँटगोमेरी या दोन स्कॉटिश जमीनदारांनी १६०६ पासूनच आपली माणसे आणून वसवली होती. स्कॉटलंडमधल्या एअरशर, गॅलोवे, लॅनार्कशर इथून शेतकरी खाडी ओलांडून आले. समुद्र इतका अरुंद आहे की स्वच्छ हवेत पलीकडचा किनारा दिसतो.

हे बहुतेक प्रेस्बिटेरियन, म्हणजे बिशप न मानणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथाचे. त्यामुळे राज्यकर्त्यांच्या अँग्लिकन चर्चलाही ते परकेच. १७०४ च्या कायद्याने त्यांना सरकारी पदे बंद झाली. पुढे जमिनीच्या पट्ट्यांची मुदत संपली की मालक खंड वाढवू लागले, त्यात पिके बुडाली. १७१८ मध्ये काही जहाजे भरून लोक बॉस्टनला उतरले आणि अमेरिकन क्रांतीपर्यंत हा ओघ थांबला नाही. मोठा लोंढा पेन्सिल्व्हेनियात गेला. तिथून शेनंडोआ खोऱ्यातल्या गाडीवाटेने दक्षिणेला, म्हणजे तुमच्या सुनेच्या नॉर्थ कॅरोलायनापर्यंत. अमेरिकेचा सातवा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन याचे आईवडील याच अँट्रिममधून १७६५ मध्ये निघाले आणि दोन वर्षांनी कॅरोलायनाच्या सीमेवर त्याचा जन्म झाला.

आता शब्दाकडे. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या १५७३ च्या एका पत्रात हा शब्द आढळतो, पण तिथे तो वेगळ्याच लोकांना लावलेला आहे: अँट्रिममध्ये ठाण मांडलेल्या, गेलिक बोलणाऱ्या स्कॉटिश सरदारांना. म्हणजे शब्द वसाहतीच्याही आधीचा, अर्थ मात्र मागाहून बदलला. १७१८ नंतर अमेरिकेत उतरलेल्यांना तिथले लोक सरळ ‘आयरिश’ म्हणत. पुष्कळांनी ते चालवूनही घेतले, काहींना मात्र फार लागले. न्यू हॅम्पशरला स्थायिक झालेल्या जेम्स मॅकग्रेगर या पाद्र्याने १७२० मध्ये गव्हर्नरला लिहिले की, ज्या आयरिश कॅथलिकांविरुद्ध आम्ही ब्रिटिश राजमुकुटासाठी सर्वस्व पणाला लावले, त्यांच्याच नावाने आम्हाला ओळखतात याचे आश्चर्य वाटते. पुढे १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो गरीब कॅथलिक आयरिश अमेरिकेला आले, तेव्हा ‘आम्ही ते नव्हे’ हे सांगण्यासाठी जुन्या अल्स्टरी घराण्यांनी ‘स्कॉच-आयरिश’ हे बिरुद घट्ट धरले. १८८९ मध्ये टेनेसीत त्यांची संस्थाही स्थापन झाली. तेव्हा आजीबाई हा शब्द उच्चारतात, त्यात कुळाइतकाच हा वेगळेपणाचा आग्रहही मुरलेला आहे. वंशावळीत तो शब्द पुसू नका.

‘स्कॉच’ की ‘स्कॉट्स’? स्कॉटलंडमध्ये आज माणसाला ‘स्कॉच’ म्हटलेले आवडत नाही, तो शब्द व्हिस्कीकडे गेला. पण अठराव्या शतकात तो तिथेही सर्रास चाले आणि अमेरिकेला गेलेल्यांनी सोबत नेलेले रूप तसेच जपले. परदेशी गेलेल्या घरांत जुनी मराठी टिकते, त्यातलाच प्रकार. खुद्द अल्स्टरमध्ये त्यांना ‘अल्स्टर-स्कॉट’ म्हणतात. मराठीत अमेरिकेच्या संदर्भात ‘स्कॉच-आयरिश’ आणि आयर्लंडच्या संदर्भात ‘अल्स्टर-स्कॉट’ लिहावे, असे माझे मत. १७१८ च्या काळाबद्दल ‘उत्तर आयर्लंड हा देश’ असे मात्र लिहू नका. ते राज्य १९२१ चे. अल्स्टरच्या नऊ काउंट्यांपैकी सहाच त्यात आहेत. डॉनेगल, कॅव्हन आणि मोनॅहन आज आयर्लंड प्रजासत्ताकात येतात.

(आपण या सगळ्यांना ‘इंग्रज’ या एका शब्दात बसवून टाकले. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ स्कॉट होता. पेशवाई बुडाल्यावर नगरचा कलेक्टर झालेला हेन्री पॉटिंजर बेलफास्टजवळच्या डाऊन काउंटीत जन्मलेला. आपल्या लेखी दोघेही इंग्रज साहेब.)

आता ‘मॅक’ आणि ‘ओ’. दोन्ही गेलिक. ‘मॅक’ म्हणजे मुलगा, ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज. ‘ओ’ मुख्यतः आयर्लंडचा, इतके खरे. पण ‘मॅक’ दोन्हीकडे मुबलक. इंग्रजीत ‘एम-सी’ लिहिले तर आयरिश आणि ‘एम-ए-सी’ लिहिले तर स्कॉटिश, हेही ऐकायला मिळते. ते साफ चुकीचे आहे, पहिले फक्त दुसऱ्याचे संक्षिप्त रूप आहे. मुलींसाठी गेलिकमध्ये वेगळी रूपे आहेत: ‘मॅक’चे ‘निक’, ‘ओ’चे ‘नी’. म्हणजे ओ नील घराण्यातली मुलगी ‘नी नील’. इंग्रजी नोंदींत हा भेद पुसला गेला आणि बायकाही ‘मुलगा’ किंवा ‘नातू’ असे आडनाव लावू लागल्या.

आणखी एक घोटाळा भाषांतराचा. आयर्लंडमध्ये इंग्रजी अंमलाखाली पुष्कळांनी आडनावाचे इंग्रजी करून घेतले. ‘मॅक गाउन’ म्हणजे लोहाराचा मुलगा. कॅव्हनमध्ये त्याचे ‘स्मिथ’ झाले. ‘ओ क्लेरी’चे ‘क्लार्क’ झाले. म्हणून इंग्रजी वाटणारा स्मिथ अस्सल गेलिक कुळातला निघू शकतो. उलट अल्स्टरच्या खऱ्या स्कॉटिश कुटुंबांपैकी कितीतरींना ‘मॅक’ नाहीच. अल्स्टरच्या फर्माना काउंटीत आर्मस्ट्राँग, एलियट, जॉन्स्टन ही नावे दाट आहेत. ही सगळी इंग्लंड-स्कॉटलंड सरहद्दीवरची लढाऊ कुळे. चंद्रावर गेलेला नील आर्मस्ट्राँग १९७२ मध्ये आर्मस्ट्राँगांच्या लँगहोम या स्कॉटलंडमधल्या गावी गेला, तेव्हा गावाने त्याला मानद नागरिकत्व दिले. ‘केनेडी’ तर दोन्हीकडे स्वतंत्रपणे आहे: एअरशरचे केनेडी वेगळे आणि आयर्लंडच्या मन्स्टर प्रांतातल्या ‘ओ किनेडी’ कुळाचे वेगळे.

आता तुमचे ‘मॅक्ब्राइड’. इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण नाव फार सुंदर आहे. इंग्रजीत ‘ब्राइड’ म्हणजे नवरी, त्यामुळे भलताच अर्थ मनात येतो. ही ब्राइड म्हणजे संत ब्रिजिड, आयर्लंडच्या किल्डेअरची, १ फेब्रुवारीला जिचा सण असतो. मूळ आडनावात तीन पदे आहेत: मॅक, गिला आणि ब्रिजिड. ‘गिला’ म्हणजे सेवक, भक्त. कोणा पूर्वजाचे नाव ‘ब्रिजिडचा दास’ असे होते आणि त्याचा हा मुलगा. आपल्याकडे रामदास, तुकादास ही नावे जशी घडतात, अगदी तसे. बोलताना ‘गिला’ झिजत गेला आणि ‘मॅक्ब्राइड’ उरले. काही घरांत ‘मॅक’ गळून ‘गिला’ राहिला, त्यांचे ‘गिलब्राइड’ किंवा ‘किलब्राइड’ झाले. गंमत अशी की गावाचे नाव ‘किलब्राइड’ असेल तर तिथला ‘किल’ निराळा, त्याचा अर्थ चर्च.

पण हे आडनाव डॉनेगलच्या गेलिक घराण्यांत आहे आणि पश्चिम स्कॉटलंडमध्येही आहे. अल्स्टरमध्ये शेजारच्या दोन शेतांवर दोन वेगळ्या मुळांचे मॅक्ब्राइड असू शकतात. म्हणून एकट्या आडनावावरून निर्णय होणार नाही. आजीचे घराणे कोणत्या चर्चचे, हे विचारा. पण ते आज बॅप्टिस्ट किंवा मेथडिस्ट असले तरी नेट सोडू नका. अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या वस्त्यांत प्रेस्बिटेरियन पाद्री पुरे पडत नसत, तेव्हा पुष्कळ कुटुंबे त्या पंथांत गेली. आजीचे घराणे क्रांतीच्या आधीपासून कॅरोलायनात असेल, तर आजीचा शब्द बहुधा खरा.

कागदपत्रांचे दुःख मोठे आहे. ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीत, आयरिश यादवी युद्धातल्या लढाईत, स्फोट होऊन आग लागली आणि दप्तरखाना जळाला. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेतले जवळजवळ सगळे गेले. शिवाय १७६० च्या सुमारास गेलेला माणूस त्या जनगणनांत असणारच नाही. त्याच्या मागे राहिलेल्या भावकीसाठी १७९६ ची एक यादी उपयोगी पडते. सरकारने लिननच्या धाग्यासाठी जवस लावणाऱ्यांना चरखे बक्षीस दिले होते. त्यांची नावे पॅरिशवार, म्हणजे चर्चच्या हद्दीनुसार, प्रत्येकाच्या चरख्यांच्या आकड्यासह, छापलेली आहेत. चरखे वाटताना कोणी वंशावळीचा विचार केला नव्हता, पण आज हजारो घराण्यांना आपला पत्ता तिथेच सापडतो.

तेव्हा वंशावळीत असे लिहा: ‘आजीचे माहेर मॅक्ब्राइड, घराणे स्वतःला स्कॉच-आयरिश म्हणवते, म्हणजे अल्स्टरमार्गे अमेरिकेत आलेले स्कॉट.’ मूळ गावाची ओळ मोकळी ठेवा. तिथे नुसती काउंटी पुरणार नाही, टाउनलँड हवे. टाउनलँड म्हणजे आपल्या वाडीएवढे, तिथले सर्वांत लहान महसुली गाव. सुनेला सांगून आजीकडच्या जुन्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानांचे फोटो मागवा. जन्म-मृत्यू तिथे हाताने टिपून ठेवण्याची त्या घरांत पद्धत होती. ‘बॅली’ने सुरू होणारे एखादे नाव त्यात दिसले तर मला जरूर कळवा, अर्थ लावून देईन.