पेव खरं आहे का?

गेल्या अंकात हळदीच्या पेवावरची माझी गोष्ट छापून आली. त्या गोष्टीबद्दल आणि एकूणच मुलांसाठी लिहिण्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काहींची ही उत्तरं.

गोष्टीतल्या मैत्रिणी जमिनीखालच्या पेवात उतरतात. असं पेव खरंच असतं का, की तुम्ही मनानेच लिहिलंत?
— इयत्ता सहावीतला वाचक, कराड

खरंच असतं. सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा आणि वारणा मिळतात. तिथल्या घट्ट मातीत खोल पेवं खणून त्यांत हळद साठवायचे. तोंड लहान, पोट मोठं. हळद भरली की तोंड मातीने बुजवून टाकायचं. आत ती वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. काही तास ते तसंच उघडं ठेवायचं, मग दोराला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला, तर आत श्वास घेण्याजोगी हवा नाही. 2005 च्या महापुरात तिथे पाणी शिरलं आणि बरीच पेवं निकामी झाली.

मी मनाने घातली ती घोरपड. ती बोलते, हुज्जत घालते, पण पेवाच्या तोंडाशीच बसून राहते, हे तुझ्या लक्षात आलं असेल. बोलणारी घोरपड मला चालते. कंदील विझतो तिथे आरामात श्वास घेणारी घोरपड मात्र चालत नाही. गोष्टीत एक गोष्ट अशक्य असेल, तर बाकीचं सगळं पक्कं हवं, नाहीतर तुझ्यासारखा वाचक पान उलटायचाच नाही.

माझी सात वर्षांची मुलगी शाळेत सांगते, आमच्या गच्चीवर मोर राहतो. बाईंनी वहीत शेरा दिला, 'खोटं बोलते'. तिला कसं थांबवू?
— एक आई, नाशिक

थांबवू नका, ताई. आधी मोराची चौकशी करा. तो खातो काय? पावसात बसतो कुठे? शेजारच्यांना दिसतो का? ती खुलून उत्तरं देऊ लागली, तर ती गोष्ट रचतेय. खोटं बोलणारं मूल प्रश्न आले की अंग चोरतं. गृहपाठ न करता 'केला' म्हणणं वेगळं आणि हे वेगळं. मुलांना हा फरक आपल्याआधी कळतो.

मी मिरजेत वाढले. आमच्या माळ्यावर एक मोडका तंबोरा होता आणि तो रात्री गातो असं मी घरभर सांगत असे. आई वैतागायची. आत्या मात्र पोळ्या लाटता लाटता विचारायची, "काल कुठला राग गायला गं?" मला एकही राग ठाऊक नव्हता. मग मी तंतुवाद्यांच्या गल्लीत जाऊन कारागिरांना विचारून यायची. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूरच्या बाजूने येतो, तो कडू असतो म्हणून त्याला कीड लागत नाही, हे तेव्हाच कळलं. आत्याने मला शाबासकी कधी दिली नाही. दुसऱ्या दिवशी ती पुढचा प्रश्न विचारायची. आज लिहिताना मी स्वतःला तेच प्रश्न विचारते. बाईंनाही जमलं तर हे सांगा, पण मुलीसमोर नको.

पहिली-दुसरीच्या मुलांसाठी मला गोष्ट लिहायची आहे. मुलांच्या घरी अहिराणी बोलतात. सुरुवात कुठून करू?
— जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक, धुळे जिल्हा

सर, जोडाक्षराशिवाय एक पान लिहून बघा. सोपं वाटतं, पण 'म्हणाला' जातो, 'नव्हता' जातो. 'रस्ता' सोडून 'वाट' धरावी लागते. 'पक्षी' चालत नाही, मग कावळा की साळुंकी ते ठरवावं लागतं, आणि हे फार चांगलं होतं. खरी पंचाईत 'च्या'ची. 'आजीच्या घरी' लिहिता येत नाही, 'आजीकडे' लिहावं लागतं. माझ्या एका गोष्टीतला तुकडा देते:

'रखमा विहिरीवर आली. बादली आत पडली. रखमा वाकली. आत कासव होतं. कासव बोललं, "आधी गूळ, मग बादली."'

नुकतं वाचायला लागलेलं मूल एवढं बोट फिरवत स्वतः वाचतं आणि गूळ मिळाला का, हे बघायला पुढे जातं. शब्द कमी द्या, पण कासवाचा हट्ट कमी करू नका. 'कमल नमन कर' छाप वाक्यांत काही घडतच नाही, म्हणून मुलं कंटाळतात. त्यात त्यांचा दोष नाही.

आणि अहिराणी? पात्रांना खुशाल अहिराणीत बोलू द्या. वर्गात गोष्ट मोठ्याने वाचा, मुलं जिथे तुमचं वाक्य बदलून म्हणतील तिथे त्यांचंच ठेवा.

वय वाढलं की कल्पनाशक्ती आटते का?
— निवृत्त वाचक, पुणे

मला तसं वाटत नाही. चौकशा मात्र आटतात. नातवंडं असतील तर त्यांच्याबरोबर मंडईत जा आणि घाई करू नका.

नातवाचे आजोबा नुकतेच गेले. तो पाच वर्षांचा आहे. त्याला मरणाची गोष्ट सांगावी का?
— एक आजी, रत्नागिरी

सांगावी, आजी. मुलांच्या पुस्तकात मरण नको, असं मला अनेकदा सुचवलं गेलं आहे आणि मी ते मानलेलं नाही. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. त्यात आई जाते आणि आजही घरोघरची मुलं ते वाचतात.

'आजोबा गावाला गेले' असं सांगू नका. गावाला गेलेली माणसं परत येतात, तो एसटीची वाट बघत बसेल. 'झोपले' म्हणालात तर त्याला झोपायची भीती वाटेल. आजोबा वारले, त्यांचं शरीर थांबलं, ते आता येणार नाहीत, असं सरळ सांगा. मग त्यांच्या गोष्टी सांगा: फणस कसा फोडायचे, कुणावर चिडायचे, तेही सांगा. मधेच तुम्हाला रडू आलं तर रडा. तो परत परत तेच विचारेल, तेव्हा दर वेळी तेच उत्तर द्या.