फ्रिजभर बोंबलाचा वास

प्रश्न : सुक्या बोंबलाच्या डब्याचं झाकण नीट लागलं नाही. आता दुधालाही वास येतोय. काय करू?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : ताई, आमच्या परळच्या घरात दर पावसाळ्यात हेच! आधी फ्रिजचा प्लग काढा. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून आतून पुसा. सुवासिक साबण नको, दोन वास भांडत बसतात. खरा चोर दाराच्या रबराच्या घडीत लपतो. तिथे जुना टूथब्रश फिरवा. मागच्या भिंतीतलं पाणी जायचं भोकही बघा, माझ्याकडे त्यात कढीपत्त्याचं पान अडकलं होतं. ताजी मासळी झाकणाच्या डब्यात, खालच्या कप्प्यात. बोंबील मात्र काचेच्या बरणीत भरा. प्लॅस्टिकला लागलेला वास आमच्या सासूबाईंनाही हटवता आला नाही.