देवगिरीचे यादव खरोखर श्रीकृष्णाचे वंशज होते का?

तुम्ही विचारलंय की देवगिरीचे यादव खरंच कृष्णाच्या कुळातले होते का. सोबत हेही लिहिलंय की तुमचं आडनाव जाधव, आणि 'आपण यदुवंशी' हे घरात लहानपणापासून कानावर पडलेलं. आधी थेट उत्तर देतो. ते स्वतःला यदुवंशी म्हणवत, यात शंका नाही. ते तसे होते हे दाखवणारा पुरावा मात्र नाही. पण एवढ्यावर थांबलं तर यातली गंमतच निघून जाईल.

हा दावा सगळ्यात तपशिलात मांडला तो हेमाद्री पंडिताने. हा महादेवराय आणि रामचंद्रराय यांच्या दरबारातला श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख. चुना न वापरता दगडावर दगड रचलेलं कुठलंही जुनं देऊळ दिसलं की आपण ज्याच्या नावावर खपवतो तोच हा हेमाडपंत. (सिन्नरचं गोंदेश्वर त्याच्या आधीचं आहे, तरी गाइड 'हेमाडपंती' म्हणाल्याशिवाय राहत नाही.) त्याच्या 'चतुर्वर्गचिंतामणी' या प्रचंड ग्रंथात व्रतखंड आहे, आणि त्याच्या सुरुवातीला धन्याच्या घराण्याची प्रशस्ती आहे. चंद्रापासून सुरुवात होते. मग बुध, पुरूरवा, नहुष, ययाती, यदू अशी पुराणातली सगळी नामावळी, पुढे कृष्ण, प्रद्युम्न, अनिरुद्ध, वज्र. तिथून काही नावांनंतर सुबाहू नावाचा सार्वभौम राजा येतो. तो आपलं राज्य चार मुलांत वाटून देतो, आणि दक्षिण ज्याच्या वाट्याला येते तो दृढप्रहार. इथून पुढे इतिहास सुरू होतो, कारण पुढच्या राजांचे ताम्रपट आणि शिलालेख सापडतात.

आता महाभारत आठवा. मौसलपर्वात यादव आपसांत लढून संपतात, द्वारका समुद्रात जाते, आणि उरलेल्यांना घेऊन अर्जुन निघतो. कृष्णाचा पणतू वज्र, त्याला इंद्रप्रस्थाला बसवतात. म्हणजे महाभारताच्याच हिशेबाने कृष्णाचा वंश द्वारकेतून उठून दिल्लीकडे गेलेला. मग या घराण्याच्या दाव्याप्रमाणे द्वारकेहून दक्षिणेत आला तो कोण? हेमाद्रीला हे ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही, त्याच्याएवढं वाचलेला माणूस त्या काळात शोधून सापडला नसता. पण प्रशस्ती हे राजाला उंच दाखवायचं काम. तिथे कोणी उलटतपासणी घेत नव्हतं.

माझं मन मात्र दृढप्रहारापाशी अडकतं. हा नवव्या शतकाच्या उत्तरार्धातला. याचं गाव चंद्रादित्यपूर, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते आपलं नाशिक जिल्ह्यातलं चांदवड. याची दुसरी एक गोष्ट जैन परंपरेत आहे. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरी नावाच्या जैन आचार्यांनी 'विविधतीर्थकल्प' लिहिला, त्यातल्या नाशिकवरच्या प्रकरणात ती येते. द्वारका जळाली तेव्हा एक गर्भवती स्त्री वाचली, तिच्या पोटी हा मुलगा झाला. पुढे चोरांनी गावची गुरं पळवली, तर याने एकट्याने पाठलाग करून ती सोडवून आणली. गावकऱ्यांनी खूश होऊन त्याला गावाच्या राखणीचं काम दिलं. त्या काळी यालाच तलार म्हणत, आपल्या भाषेत कोतवाल म्हणा.

गोष्टीतला द्वारकेचा भाग बाजूला काढा. उरतं काय? गुरं सोडवणारा एक धाडसी माणूस आणि त्याला राखणदार नेमणारं गाव. दख्खनमध्ये गावोगाव वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, उभे आहेत. त्यातल्या कितीतरींवर खालच्या पट्टीत गाई कोरलेल्या दिसतात, कारण तो माणूस गुरं सोडवताना पडलेला असतो. म्हणजे गुरांवरून लढाई ही त्या काळची रोजची गोष्ट होती. असा एखादा माणूस मेला नाही, जिंकून परत आला, आणि गावाने त्याच्या हातात राखण दिली, तर तिथून एखादं घराणं वर येणं अगदी पटण्यासारखं आहे. 'दृढप्रहार' हे नावही मला जन्मनावापेक्षा लोकांनी ठेवलेल्या नावासारखं वाटतं. हा माझा अंदाज, पुरावा नव्हे.

त्याचा मुलगा सेउणचंद्र. याच्या नावावरून नाशिक आणि आसपासच्या मुलखाला सेउणदेश म्हणू लागले, आणि घराण्यालाही सेउण. सिन्नर ही त्यांची जुनी राजधानी. सुमारे तीनशे वर्षं ही माणसं सामंत होती, आधी राष्ट्रकूटांची, मग कल्याणीच्या चालुक्यांची. पाचवा भिल्लम 1187 च्या सुमारास स्वतंत्र झाला आणि देवगिरीला राजधानी आली.

आता त्यांच्या बिरुदाकडे या. शिलालेखांत हे राजे स्वतःला 'द्वारावतीपुरवराधीश्वर' म्हणवतात, म्हणजे द्वारका या श्रेष्ठ नगरीचे स्वामी. द्वारकेवर यांचं राज्य कधीच नव्हतं. मग खोटं बोलत होते का? तसं नाही. दख्खनमध्ये ही बिरुदाची ठरलेली पद्धत होती. कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. राष्ट्रकूट 'लट्टलूरपुरवराधीश्वर', म्हणजे लातूरचे. गोव्याचे कदंब 'बनवासीपुरवराधीश्वर'. या बिरुदाचा अर्थ 'आम्ही तिथे राज्य करतो' असा नसून 'आमचं मूळ तिथलं' असा असे, जसं आज पुण्यात तिसरी पिढी राहूनही माणूस 'आम्ही मूळचे साताऱ्याचे' म्हणतो. फरक एवढाच, की तेर, लातूर, बनवासी ही गावं खरी, तिथून एखादं घराणं निघणं शक्य. द्वारकेचं नाव घेतलं की मूळ गावासोबत कृष्णही घरी येतो.

आणि हा कृष्ण फक्त देवगिरीच्याच घरी आला नव्हता. राष्ट्रकूटही स्वतःला यदुवंशी म्हणवत. त्याहून मजेदार प्रकरण होयसळांचं. हे मूळचे चिक्कमगळूरुकडच्या डोंगराळ भागातले, अंगडी त्यांचं गाव. 'मलेपरोळ् गंड' म्हणजे डोंगरी सरदारांतला मर्द, हे त्यांचं अभिमानाचं बिरुद. सळ नावाच्या पूर्वजाने वाघ मारला, ही त्यांची मूळ कथा. पण अकराव्या शतकाच्या अखेरीस, 1078 आणि 1090 च्या लेखांत, तेही यादव झालेले दिसतात. पुढे तेही द्वारावतीपुरवराधीश्वर. 1190 च्या सुमारास गदगजवळ सोरटूरला पाचवा भिल्लम आणि होयसळ राजा दुसरा बल्लाळ यांची मोठी लढाई झाली, त्यात भिल्लमाचा पराभव झाला. दोन्ही बाजूंचे राजे द्वारकेचे स्वामी, दोघेही यदूचे वंशज, आणि भांडण चाललंय कृष्णा-तुंगभद्रेमधल्या मुलखावरून. भाऊबंदकी म्हणावी तर नातं कागदावरचं.

असे दावे दोघांनाही का लागले? चालुक्य दुबळे पडत होते, कालचे सामंत आज महाराज होऊ बघत होते. तलवारीने मुलूख मिळतो, पण बाकीच्या राजांनी बरोबरीचं मानावं, ब्राह्मणांनी दान घ्यावं, सोयरीक मोठ्या घरात व्हावी, यासाठी कूळ लागतं. चंद्रवंश नाहीतर सूर्यवंश, तिसरी मोठी रांग जवळजवळ नव्हतीच. त्यामुळे वंशावळ वाचताना मी पहिल्या नावाकडे कमी बघतो आणि ती कुठल्या साली लिहिली गेली याकडे जास्त. दावा किती मुरला होता ते आपल्या घरातल्याच ग्रंथात दिसतं. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी राजा रामचंद्राचा उल्लेख 'यदुवंशविलासु' असा आहे. ज्ञानदेवांना दरबारी बक्षिसाची गरज नव्हती. लोक राजाला ज्या नावाने ओळखत तेच त्यांनी वापरलं.

कोणीतरी खाली 'यादव मुळात कन्नड की मराठी' हा वाद काढणारच, म्हणून दोन ओळी. वड्डिग, राजुगी, धाडियप्प अशी कानडी वळणाची नावं या घराण्यात आहेत, कानडीतले त्यांचे लेखही भरपूर आहेत. आणि त्यांच्याच काळात मराठी लेखनात स्थिरावली. दोन्ही गोष्टी खऱ्या. आजच्या राज्यांच्या सीमा त्यांच्या डोक्यात नव्हत्या.

आता तुमच्या आडनावाबद्दल. जाधव हे यादव या शब्दाचं रूप, हे भाषेच्या अंगाने ठीक आहे. सिंदखेडराजाचं लखुजी जाधवरावांचं घराणं, म्हणजे जिजाऊंचं माहेर, देवगिरीच्या यादवांचा वारसा सांगतं, आणि ती परंपरा आदराने जपली गेलेली आहे. पण देवगिरीचा शेवटचा राजा हरपालदेव मारला गेला 1318 साली, आणि लखुजीराव निजामशाहीत मोठे झाले ते सोळाव्या शतकाच्या अखेरीस. मधल्या अडीचशे वर्षांचा, पिढीगणिक त्या-त्या वेळी लिहिलेला पुरावा ज्याला हवा, त्याचं काम कठीण आहे. शिवाय महाराष्ट्रात जाधव आडनाव कितीतरी जातींत आणि शेकडो गावांत आहे. सगळ्यांचं मूळ एक असण्याची शक्यता मला तरी वाटत नाही.

माझं आजोळ कोल्हापूरकडचं. तिथे सुगी झाली की हेळवी यायचा. हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारा. त्याला सोप्यात घोंगडं टाकून द्यायचे. तो चोपडी उघडून एका लयीत नावं वाचायचा आणि आम्ही पोरं आपलं नाव कधी येतंय म्हणून टपून बसायचो. पणज्याच्या तीन भावांची नावं तो बिनचूक सांगायचा, त्यातला एक लहानपणीच गेलेला, घरातले बाकीचे त्याला विसरून गेलेले. सात-आठ पिढ्या असं चालायचं. मग मूळ गाव, मग एकदम मोठी उडी, आणि थेट सूर्यवंश. आजोबा तिथपर्यंत डोळे मिटून ऐकायचे. सूर्यवंश आला की डोळे उघडायचे, "तेवढं राहू दे, त्या लहानग्याचं नाव परत वाच," म्हणायचे, आणि आजीला हाक मारून हेळव्यासाठी पायलीभर जोंधळे आणायला सांगायचे.