वाचक विचारतात : ऑर्गनायझरला लेदरची केस कुठली घ्यावी?

प्रश्न : माझ्याकडे जुना पाम फाइव्ह ऑर्गनायझर (पत्ते, भेटी, नोंदी ठेवायचं हातात मावणारं छोटं मशीन) आहे, अजून छान चालतो, त्याच्यासाठी लेदरची केस घ्यायचीय. दोन पसंत पडल्यात. एक पाकिटासारखी उघडणारी, आत कार्डांसाठी तीन खण आणि पाठीमागे वेल्क्रो लावून ऑर्गनायझर चिकटवायचा, आणि दुसरी वरून सरकवून ठेवायची साधी पाउच. पाकीटवाली जास्त उपयोगी वाटते पण तिथेच मन अडतंय. काय करू?

उत्तर : तुमचं मन बरोबर ठिकाणी अडलंय. केस घेताना आपण सगळे आधी लेदर बघतो, रंग बघतो, हात फिरवून बघतो, पण खरं बघायचं असतं ते केस बंद केल्यावर आत स्क्रीनवर आणि बटणांवर काय टेकतंय ते. या ऑर्गनायझरची स्क्रीन दाबावर चालते, खाली काच, वर पातळ प्लास्टिकचा पडदा आणि दोघांच्या मधे अगदी बारीकशी फट, स्टायलस (स्क्रीनवर टेकवायची पेनासारखी काडी) टेकवला की वरचा पडदा खालच्या काचेला भिडतो आणि मशीनला कळतं की इथे दाबलंय. आता समोरच्या फ्लॅपमधे तीन कार्डं भरली की कार्डांवरचे उठावदार आकडे थेट स्क्रीनच्या बाजूला येतात, मग केस खिशात असो की बॅगेत पुस्तकांखाली, तो दाब दिवसभर त्याच जागी बसतो. त्याने ओरखडे पडतात, जास्त जोराचा दाब आला तर काचच जाते. म्हणून पाकीटवाली घ्यायचीच असेल तर पुढच्या फ्लॅपमधे कार्डं ठेवूच नका, आणि फ्लॅपच्या आत पातळ पण कडक पत्रा किंवा प्लास्टिकची पट्टी शिवलेली आहे का ते बोटांनी चाचपून बघा, नुसतं मऊ लेदर असेल तर बाहेरचा दाब जसाच्या तसा आत पोचतो.

घेण्याआधी एक करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. ऑर्गनायझर चालू करून कामांची यादी उघडा, केस बंद करा, तळहाताने जसं खिशात दाबलं जाईल तेवढंच दाबा आणि लगेच उघडून बघा. कुठल्या तरी कामापुढे आपोआप बरोबरची खूण झालेली असेल किंवा दुसरंच काहीतरी उघडलं असेल तर ती केस घेऊ नका, कितीही देखणी असली तरी.

मग बटणं. वरच्या कडेला चालू-बंदचं बटण आणि स्क्रीनखाली चार प्रोग्रामची बटणं, यातलं कुठलंही दाबलं की मशीन चालू होतं. घट्ट केस असली की चालताना बटण दाबलं जातं, मशीन चालू होतं, थोड्या वेळाने आपलं आपण बंद होतं, परत दाबलं जातं, आणि असं करत करत बॅटरी खाली. आणि इथे नुसता चार्जिंगचा प्रश्न नाहीये हो, पाम फाइव्हमधे तुमचे पत्ते, भेटी, नोंदी सगळं ज्या मेमरीत असतं ती बॅटरीच्या जिवावर टिकते, बॅटरी पार रिकामी झाली की सगळं पुसलं जातं. (२००४ मधे आलेल्या टंगस्टन टी फाइव्ह या पामच्याच नंतरच्या मॉडेलमधे ही अडचण दूर केली होती, पण तुमच्या मॉडेलमधे ती आहेच.) तेव्हा केस बंद असताना बटणांच्या जागी मोकळी फट हवी, आणि कुठलीही केस घेतली तरी कॉम्प्युटरवर सिंक करणं, म्हणजे मशीनमधल्या माहितीची प्रत कॉम्प्युटरवर उतरवून ठेवणं, सोडू नका.

वेल्क्रोबद्दल माझं मत स्पष्ट आहे, नको. पाम फाइव्हच्या दोन्ही बाजूंना उभ्या खाचा आहेत, स्टायलस जातो ना, तशाच. फ्लॅपची दांडी त्या खाचेत सरकवता येते, १९९९ मधे हे मॉडेल आलं तेव्हा सोबतचं लेदर कव्हर याच पद्धतीने बसायचं. गोंद नाही, जाडी वाढत नाही, काढायला सोपं. वेल्क्रोचा चौकोन पाठीवर चिकटवला की ती छान अॅल्युमिनियमची पाठ चिकट होते, आणि मागचं रीसेटचं (अडकलेलं मशीन परत सुरू करायचं) बारीक भोक त्याखाली झाकलं गेलं तर मशीन अडकल्यावर करणार काय. तेव्हा खाचेत बसणारा फ्लॅप मिळत असेल तर पहिली पसंती तीच, नाही मिळाला तर साधी पाउच, पण तिच्या आतलं अस्तर गुळगुळीत हवं आणि खालची बाजू उघडी असली तर उत्तम, म्हणजे सिंक करायला दरवेळी बाहेर काढावा लागत नाही.

प्रश्न : केसवर ‘जेन्युइन लेदर’ छापलेलं असलं की चांगली समजायची ना?

उत्तर : एवढ्यावरून नाही समजायची. त्या शब्दांचा अर्थ फक्त आत कातडं आहे इतकाच, कातड्याच्या वरच्या मजबूत थराचं आहे की खालच्या कमजोर थरावर रंगाचा लेप दिलाय ते त्यातून कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे बाँडेड, कातड्याच्या चुऱ्यात गोंद घालून दाबलेलं, ते वरून अगदी खऱ्यासारखं दिसतं पण घडीच्या जागी सोलून निघतं, आणि फ्लॅपची घडी तर दिवसातून कितीदा उघडते. कापलेली कड बघा, खऱ्या लेदरची कड आतून तंतुमय दिसते, घडी घालून बघितली तर बारीक सुरकुत्या पडतात आणि सोडल्यावर बऱ्याचशा मावळतात. कड रंगवून किंवा दुमडून पूर्ण झाकलेली असेल तर आतल्या खणाची कड तपासा, तिथे सहसा कोणी एवढी मेहनत घेत नाही. घडीजवळची शिवणही बघा, टाके लांब लांब असतील तर पहिली तीच उसवते.

प्रश्न : चुंबकाच्या बटणाने ऑर्गनायझरमधला डेटा उडतो का?

उत्तर : नाही, मेमरी चिपला त्या छोट्या चुंबकाने काही होत नाही. पण त्याच केसमधे काळ्या पट्टीची कार्डं ठेवत असाल तर त्या पट्टीवरची माहिती मात्र खराब होऊ शकते. कार्डं ठेवायची असतील तर टिचबटण किंवा चेनवाली घ्या, फक्त चेनचा धातू आतल्या बाजूने स्क्रीनला घासत नाही ना ते बघा.

प्रश्न : केस पावसात भिजली, हेअर ड्रायरने वाळवू का?

उत्तर : अजिबात नको, गरम हवेने लेदर आकसतं आणि कडक होतं, मग ऑर्गनायझर आत जातच नाही. आधी ऑर्गनायझर बाहेर काढा, केस कोरड्या फडक्याने टिपा, आत कागदाचे बोळे भरून सावलीत वाऱ्यावर ठेवा, कागद ओलसर झाले की बदला. आतून पूर्ण वाळल्याशिवाय परत वापरू नका आणि कपाटातही बंद करून ठेवू नका, बुरशी येते.