गाडी डायनोवर चढवायच्या आधी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न – इंटरसेप्टर ६५० चे दोन्ही सायलेन्सर बदललेत, हाय-फ्लो फिल्टर पण टाकलाय. पुढच्या महिन्यात बेंगळूरला डायनोवर ट्यून करून घ्यायची आहे. जायच्या आधी गाडीचं काय काय बघून ठेवू? – एक वाचक, खानापूर

उत्तर – भावा, डायनो म्हणजे मागचं चाक रोलरवर पळवून गाडीची ताकद मोजायचं मशीन, तिथं तू ट्यूनरचा वेळ विकत घेतोयस. तो वेळ तुझी चेन ताणण्यात आणि लीक शोधण्यात गेला तर पैसे गेले की पाण्यात.

पहिलं सायलेन्सरचं बघ, कारण बदललेल्या सायलेन्सरला नव्वद टक्के भानगड तिथंच असते असं माझं मत आहे. सकाळी गाडी थंड असताना, चालू न करता, हेडरपासून (इंजिनातून निघणारा पाइप) मागपर्यंत प्रत्येक जॉइंटवर बॅटरी मारून बघ, क्लॅम्पच्या कडेला काजळीची काळी रेघ दिसली म्हणजे तिथून गॅस निसटतोय. नुसता आवाज होतो म्हणून सांगत नाही मी. गॅस बाहेर येतो तशी मधल्या झटक्याला बाहेरची हवा पण आत ओढली जाते, मग ऑक्सिजन सेन्सरला वाटतं मिक्स्चर लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, ट्यूनर पेट्रोल वाढवतो आणि तू घरी येतोस ती काळा धूर आणि पडलेलं मायलेज घेऊन. गॅस्केट नवीन टाक, जुनंच परत दाबून बसवू नको. आणि वाइडबँड सेन्सर (मिक्स्चर नेमकं मोजणारा ट्यूनरचा सेन्सर) कुठं बसवणार हे फोनवर आधीच विचार, त्याचा आटा १८ मिलीमीटरचा असतो, कंपनीच्या बारक्या सेन्सरच्या जागेत तो बसेलच असं नाही, पाइपवर बुश वेल्ड करायचा असला तर तो बेळगावच्या उद्यमबागेत आधी करून घे, तिथं जाऊन वेल्डर शोधत बसू नको.

मग फिल्टर. तुमच्या भागातली तांबडी धूळ आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या मागची राइड म्हणजे नवा फिल्टर पण बघता बघता भरतो. साफ करून जा, एअरबॉक्सचं झाकण नीट बसलंय का बघ. प्लग नवीन, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट, ऑइल लेव्हल बरोबर. टॅपेट इंजिन थंड असतानाच बघायचं, हे मेकॅनिकला पण सांग, काहीजण गाडी आली की लगेच खोलतात.

क्लच घसरतोय का ते इथंच कळतं. वंटमुरीच्या घाटात चढाला टॉप गिअरमध्ये ६०-७० वर असताना थ्रॉटल पूर्ण उघड. आरपीएम चढलं खरं स्पीड नाही वाढलं तर क्लच प्लेटा गेल्यात. तसाच डायनोवर गेलास तर ग्राफ वर जाऊन फडफडतो आणि त्यावर ट्यून होत नाही.

चेन मात्र चाक फिरवून सगळ्यात ताठ जागा शोधून तिथंच मोज, ढील मॅन्युअलात लिहिलीय तेवढी ठेव. बेंगळूर जवळजवळ ५०० किलोमीटर, तिथं पोचल्यावर परत एकदा बघ. आणि जायच्या आधी लूब भसाभस मारू नको, रोलर फिरला की ते सगळं मागच्या टायरवर उडतं. टायर गुळगुळीत झालेला किंवा ऑफरोडचा गोट्यांचा असला तर रोलरवर पकडत नाही, हवा कंपनीने सांगितली तेवढीच.

पेट्रोल रोज जे घालणार तेच घालून जा, टाकी निम्मी तरी असू दे. डायनोवर महागडं शंभर ऑक्टेन घालून स्पार्कचं टायमिंग पुढं घेतलं आणि खानापुरात येऊन साध्या पंपावर टाकलं तर चढाला इंजिन खडखडणार. आता साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याला शुद्ध पेट्रोलचा १४.७ चा आकडा (एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा) लागू पडत नाही, म्हणून ट्यूनर लॅम्डावर बोलतो, म्हणजे पेट्रोल पूर्ण जळायला लागते तिच्या किती पट हवा आहे तो आकडा, १ पेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त. फुल थ्रॉटलला ०.८७ ते ०.९० च्या आसपास ठेवतात, तो विचारेल तेव्हा गोंधळू नको.

प्रश्न – आरएक्स १०० आहे, कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) बदलून डायनोवर सेट करायचे आहेत. काही वेगळं करावं लागतंय काय? – निपाणी

उत्तर – टू स्ट्रोक, त्यात १९९६ ला बंद झालेली गाडी, म्हणजे रबरं आणि सील म्हातारी झालेली असणार. मॅग्नेटो साइडचा ऑइल सील आणि कार्बमागचं मॅनिफोल्ड आधी बघा. तिथून हवा ओढली की मिक्स्चर लीन, कितीही जेट बदला. रीडच्या (कार्बमागच्या एकतर्फी झडपेच्या) पात्या फाटल्यात का, सायलेन्सरमध्ये कार्बन साठलाय का, ते पण. ऑइल पंप काढून पेट्रोलात ऑइल मिसळत असाल तर तेच प्रमाण कायम ठेवा, कारण ऑइल वाढलं की पेट्रोल कमी जातं.

अजून एक. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. इथं अगदी काठावर लीन सेट केलेली गाडी घेऊन चोर्ला घाटातून गोव्याला उतरलात की हवा घट्ट होते, मिक्स्चर अजून थोडं लीन, वर हायवेला फुल थ्रॉटल. पिस्टन चिकटायला एवढं पुरतं. मेन जेट एक नंबर मोठाच ठेवा, तेवढा अर्धा हॉर्सपॉवर गेला तर जाऊ दे.

प्रश्न – ड्यूक ३९० कागदावर ४३ बीएचपी, मित्राच्या ग्राफवर ३७ दाखवतंय. गाडीत फॉल्ट की डायनोत? – चिकोडी

उत्तर – दोन्हीत नाही ओ. कंपनीचा आकडा क्रँकचा, म्हणजे थेट इंजिनावरचा, डायनोचा मागच्या चाकाचा. मध्ये गिअर, चेन, टायर खातात, १० ते १५ टक्के धरा. शिवाय उंचीचं करेक्शन असतं, विरळ हवेत कमी पडलेली ताकद हिशोबाने भरून काढतात ते, बेंगळूर ९०० मीटरच्या वर आहे, तिथं करेक्शन लावलेला आणि न लावलेला ग्राफ यात जवळजवळ १० टक्क्यांचा फरक पडतो. त्यामुळं बेंगळूरचा ग्राफ पुण्याच्या ग्राफशेजारी ठेवून भांडू नका. ट्यूनच्या आधीचा आणि नंतरचा, एकाच दिवशी, एकाच गिअरात, एकाच करेक्शनचा, एवढे दोनच बघायचे. आधीचा रन न घेता कुणी थेट ट्यून सुरू केलं तर थांबवा.

प्रश्न – डायनोवर गाडी गरम होऊन इंजिन जातं म्हणतात, खरं काय? – बेळगाव

उत्तर – जाऊ शकतं, गाडी उभ्या जागी फुल थ्रॉटल मारते आणि समोरून वारं नाही. एक रन काही सेकंदांचाच असतो, खरं एकामागोमाग एक मारत सुटले तर तापते. जायच्या आधी जागा एकदा बघून या. समोर इंजिनवर दणकून हवा मारणारा ब्लोअर पाहिजे, दोन रनमध्ये थांबायला पाहिजे, पुढचं चाक चॉकमध्ये (चाक घट्ट धरणाऱ्या खोबणीत) आणि गाडी दोन्हीकडून पट्ट्यांनी बांधलेली पाहिजे. कोपऱ्यात घरचा टेबलफॅन लावलेला दिसला तर चहा पिऊन परत या, गाडी रोलरवर चढवू नका.