मदतीला माणसं आहेत, सांगू काय?

प्रश्न : सासऱ्यांना अल्झायमर आहे. आयुष्य यंत्रमागावर गेलं. अजूनही संध्याकाळी ‘पाळीला निघतो’ म्हणत चप्पल घालतात. गल्लीतले सगळे ‘काही लागलं तर सांगा’ म्हणतात. नेमकं काय सांगू?
– एक सून, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : ‘काही लागलं तर’ हे वाक्य मला कधीच आवडलं नाही. विचार करायचं कामही तुमच्याच गळ्यात! तुम्ही सरळ वार आणि वेळ मागा.

रोज नवा चेहरा नको. दोघं ठरलेले पुरेत. पाळीची वेळ झाली की त्यांनी सासऱ्यांना सोबत फिरवून आणावं. ‘गिरणी कधीच बंद पडली’ असं सांगून अडवू नये, ‘मला ओळखलंत का?’ अशी परीक्षा तर मुळीच घेऊ नये. या आजारात बहुधा ताजं आधी पुसतं, जुनं बरंच टिकतं. सोलापूरच्या पूर्वभागातल्या कितीतरी विणकर घरांसारखी तुमचीही बोली तेलुगू असेल, तर तेलुगू बोलणारा, माग चालवलेला एखादा निवृत्त कामगार शोधा. कांडी, ताणा, चादरीची नक्षी, गड्ड्याची जत्रा... गप्पा आपोआप निघतील.

रिक्षा स्टॉपवर आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे त्यांचा फोटो, तुमचा नंबर द्या. सदऱ्याच्या आतही नंबर शिवा. औषधं आणि पैसे मात्र घरच्यांच्याच हातात. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ लिहून ठेवा.

आणि ते दोघं आले की तुम्ही भांडी घासत बसू नका. झोपा, नाहीतर मैत्रिणीकडे जा.