नाडी ९५ वरच अडते

प्रश्न : माझे यजमान ६१ वर्षांचे, एसटीत ड्रायव्हर होते. दोन महिन्यांपूर्वी अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. मुलाने नाडी दाखवणारं घड्याळ आणून दिलं. व्यायामात नाडी १२० च्या वर जायला हवी, असं यांनी मोबाइलवर वाचलं. यांची ९५ वरच अडते, म्हणून रोज आणखी जोरात चालतात आणि धापा टाकत घरी येतात. काही बोललं की चिडतात.
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी त्यांच्या गोळ्यांच्या पट्ट्या बघा. मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉल असं नाव बहुतेक सापडेल. हृदयाची गती आवरून धरणं हेच या गोळीचं काम. त्यांना त्यांच्याच भाषेत सांगा, गाडीला स्पीड लॉक बसवलाय. अ‍ॅक्सिलेटर कितीही दाबला तरी काटा पुढे जायचा नाही, इंजिन मात्र तापेल. (हे कळल्यावर गोळीच बंद करणारे महाभाग मी पाहिलेत. तेवढं होऊ देऊ नका!)

वॉर्डात मी पेशंटबरोबर चालायचे ते त्यांना बोलतं ठेवून. एका निवृत्त गुरुजींना सतराचा पाढा म्हणायला लावायचे. पाढा सलग आला की चाल बरोबर. शब्दाशब्दाला श्वास घ्यावा लागला की हळू. एक दिवस ते चालता चालता अभंगच म्हणू लागले, तेव्हा म्हटलं, गुरुजी, आता जरा पाय उचला.

सुरुवातीची पाच मिनिटं रमतगमत, शेवटची पाचही तशीच. जोरात चालून एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं, चक्कर येते. जेवणानंतर तासभर तरी जाऊ नये. डॉक्टरांनी जिभेखालची गोळी दिली असेल तर ती खिशात हवी, कपाटात नव्हे. आणि घ्यायची ती बसूनच, कारण तिने बीपी उतरतं. छाती भरून आली, गोळी घेऊन पाच मिनिटांत उतार नाही, तर थेट १०८.

धापांचं मात्र डॉक्टरांच्या कानावर याच आठवड्यात घाला. रात्री आडवं झाल्यावर दम लागत असेल किंवा पाय सुजत असतील, तर आजच. तोवर जोरात चालणं बंद.

आणि तुम्हीही सोबत जा. बोलता बोलता गप्प झाले, तर रागावलेत की दमलेत, हे तुमच्याइतकं कोणत्याच घड्याळाला कळणार नाही.